बारा लाल फुल्या

मी एक जुनं हजेरीपुस्तक आहे. कोपरे कुरतडलेलं, पाठीला दोनदा खळ लावून चिकटवलेलं. हसू नका मित्रांनो, एके काळी माझा काय दरारा होता! मनोरच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला असलेल्या सरकारी दवाखान्यात मी सकाळी नऊला टेबलावर येई. सव्वानऊला आमचे कारकून शांतारामभाऊ मला ओढून घेत. सही नसेल त्याला लाल फुली, मग तो कोणी का असेना! त्या शिस्तीचा मला भारी अभिमान होता.

१९८४ साली माहीमच्या डॉक्टर प्रेमला चुरी आमच्याकडे आल्या. पाड्यावर एखादी बाई अडली की नवसी सुईण माणूस धाडी आणि डॉक्टरबाई तांबडं फुटायच्या आत चालू लागत. बाळंतपण उरकून दुपारी परतत, तोवर माझ्या पानावर फुली पडलेली असे. "असू दे हो भाऊ," एवढंच म्हणून त्या रुग्णांच्या रांगेकडे वळत.

एकदा पाड्यावरच्या अडलेल्या तानीला डोलीतून पालघरला नेताना वाटेतच तिचं बाळ गेलं. ऑपरेशन करता आलं असतं तर ते वाचलं असतं, हे बाईंच्या मनातून कधी गेलं नाही.

तीन वर्षांनी सरकारी डॉक्टरांसाठी स्त्रीरोगाच्या पुढच्या शिक्षणाची एकच जागा निघाली. बाई आणि तारापूरकडचे एक डॉक्टर गुणांत बरोबरीला आले, म्हणून हजेरी पाहायचं ठरलं. त्या डॉक्टरांचा दवाखाना रस्त्यालगत, बायका चालत दारात येत. त्यांच्या पुस्तकात एकही फुली नव्हती. माझ्यात बारा!

"अरे देवा, मीच या पोरीचा घात केला!" शांतारामभाऊ कपाळावर हात मारून बसले. लाज तर मलाही वाटली.

नवसीला हे कळलं मात्र, ती पाड्यापाड्यावर हिंडली आणि पोरांची लसीची कार्डं पदरात बांधून घेऊन आली. "बघा भाऊ, जल्माची तारीख यावर हाय. डाक्टरीनबाय तवा आमच्याकडं होती, घरात झोपली नव्हती!"

भाऊंनी एकेका फुलीवर एकेक कार्ड ठेवलं. अकरा जुळली. बाराव्या फुलीला कार्डच नव्हतं.

निवडीच्या दिवशी जिल्ह्याच्या कचेरीत भाऊंसोबत तानी आली. "माझ्या पोराचं कारड नाय, साहेब. तो जगलाच नाय. पण बाय त्या दिशी डोलीच्या बाजूनं चालत होती. म्हणून मीच आली."

साहेबांनी माझ्यातली ती बारावी फुली नीट पाहिली. मग पाड्यावर गेलेला दिवस हजेरीतच धरायचा, तोही सगळ्यांसाठी, असं ठरलं. पुन्हा बरोबरी झाली, तेव्हा डोंगरातली सेवा पाहिली आणि जागा बाईंना मिळाली. त्या दुसऱ्या डॉक्टरांनाही पुढच्या वर्षी मिळाली, त्याचाही मला आनंद आहे.

बाई शिकून पालघरलाच परतल्या. पुढे तानीची लेक मंगळी त्यांनीच ऑपरेशन करून सुखरूप काढली. मंगळीच्या सगळ्या लसी झाल्यावर तानी आमच्या दवाखान्यात आली, तिनं भाऊंकडून बारावी फुली विचारून घेतली आणि तिथं मंगळीचं कार्ड ठेवलं.

मित्रांनो, भाऊ, नवसी, तानी या तिघांचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्यांनी मला खोटं ठरण्यापासून वाचवलं. उद्या तुम्ही कुणाची निवड करायला बसाल, तेव्हा फुल्या मोजण्याआधी विचारा, त्या दिवशी हा माणूस कुठं होता? आणि मला रद्दीत घालू नका रे. मंगळीचं कार्ड अजून माझ्यापाशी आहे.