तळेवाडीचा तांबडा भात

तळेवाडीच्या देवळासमोर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मुरगूडहून आलेल्या एस.टी.तून उतरलेली माणसंसुद्धा पिशव्या सावरत तिकडंच पळाली. निशा कांबळे त्याच गाडीतून उतरली होती. कोल्हापुरात मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी पोरगी, सुट्टीला आईकडे आलेली.

"काय झालंय वो?" तिनं विचारलं.

"भाताला रगत सुटलंय! चेटकीण घावली!"

गावात पावसाबरोबर जुलाब-उलट्यांची साथ आली होती. पोरं एकामागून एक आडवी पडत होती. सरकारी दवाखान्याचे लोक येऊन सलाईन लावत होते, पण सलाईनमध्ये चमत्कार नसतो, त्यामुळं गावाचं मन भरेना. मग सरपंच बाळासो जीप घेऊन गेला आणि अक्षतबाबाला घेऊन आला.

बाबाची पारख साधी होती. प्रत्येक घरानं शिजवलेल्या भाताचा मुटका पानावर आणायचा आणि देवीपुढं ओळीनं मांडायचा. बाबा त्यावर मोरपिसांचा कुंचा फिरवणार, कलशातलं पाणी शिंपडणार, मग दाराला कुलूप. तिसऱ्या सकाळी ज्या घराच्या भाताला रक्त सुटेल, त्या घरानं गावावर करणी केली.

"देवी बोलत न्हाय, देवी दावती!" बाबा गर्जत होता. "डाक्टर तपासतोय रगत, माझी देवी काढती रगत! कुठं गेलं तुमचं सायन्स? बोलवा की!" सायन्सवर बाबाचा भारी राग. कमरेचा मोबाइल मात्र त्यानं राखेनं माखू दिला नव्हता.

निशा गर्दीत कोपरं मारत पुढं घुसली आणि जागच्या जागी थिजली.

मधोमध तिच्या आईला चार बायांनी धरून बसवलं होतं. सोनूबाई. केस मानेवर वेडेवाकडे कातरलेले आणि वेणी शेजारी चिखलात पडलेली. कात्री बयाबाईच्या हातात होती. तिचा नातू दवाखान्यात होता आणि सोनूबाईच्या म्हशीचं दूध त्यानं प्यायलं होतं. एवढा पुरावा बयाबाईला पुरला.

"पुढच्या पारखीला पुन्हा रगत निघालं," बाबा म्हणाला, "तर ही बाई गावात ऱ्हाणार न्हाय!"

"न्हाय!" गाव ओरडलं. लहानपणी निशाला ज्यांनी पेरू दिले होते, ती माणसंही त्यात होती. कोण कोण ओरडतंय ते तिनं नीट पाहून ठेवलं.

पानावरचा भात खरोखर तांबडा होता. कुंकू टाकल्यासारखा नव्हे, वर ओलसर चकाकी धरलेला. तिनंही वाकून तो दोनदा निरखला. मग तिनं आईला उठवलं आणि ते पानही उचललं.

घरी आल्यावर ती आईवरच उखडली. "आपण दीक्षा घेतलेली माणसं, आई. बावीस प्रतिज्ञा तू माझ्याकडून पाठ करून घेतल्यास. आणि देवीपुढं भात ठेवलास?"

"गावात ऱ्हायाचं हाय म्हणून दिलो भात," सोनूबाई डोक्यावरून पदर घट्ट ओढत म्हणाली. "दिलो न्हाय तर म्हणणार, हिच्या मनात पाप हाय. आता दिलो तरी तेच."

"मी त्याला सोडणार नाही."

"सोडू नगंस. पर वरडून काय हुणार? वरडून माझी येणी माघारी येती व्हय?"

निशानं उकळून गार केलेल्या एका बाटलीत तो भात घेतला, दुसरीत विहिरीचं पाणी, आणि कोल्हापूर गाठलं.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सलमा मुजावर यांनी भाताचा कण काचपट्टीवर पसरला, रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची निशाला दिली. "रक्त म्हणतात ना? शोध एखादी रक्तपेशी."

एकही नव्हती. गुलाबी रंग घेतलेल्या बारीक काड्याच काड्या होत्या.

"सेरॅशिया," मॅडम म्हणाल्या. "ओलसर भातावर, ब्रेडवर लाल रंग धरणारा जंतू. युरोपातही लोक एके काळी याला रक्तच समजले होते. आणि याची गंमत बघ. हा जंतू वाढायला लावलेली एक प्लेट टेबलावर ठेव, दुसरी शरीराच्या तापमानाला."

दोन दिवसांत टेबलावरची प्लेट लालभडक झाली. उबेतली पांढरट राहिली. रक्त असं ऊब बघून रंग बदलत नाही.

"आणि विहिरीचं पाणी?"

मॅडमचा चेहरा गंभीर झाला. "त्यात मैल्यातले जंतू आहेत. तुझ्या गावाला आजारी पाडतंय ते हे पाणी. हा लाल जंतू धडधाकट माणसाला सहसा त्रास देत नाही. तरी तो आजारी माणसाजवळ नेऊ नकोस आणि कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नकोस."

लाल रंग कशाचा ते कळलं. पण तो नेमका आईच्याच भाताला कसा सुटला? याचं उत्तर तिला घरी मिळालं, चुलीपुढं. सोनूबाई कोमट दुधात कालच्या दह्याचा चमचा ढवळत होती. चमचाभर जुनं दही आणि सकाळी गाडगंभर नवं. निशा बघतच राहिली. बाबाजवळही विरजण असणार!

तिला हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते.

दुसऱ्या पारखीला ती आईचं पान घेऊन स्वतः गेली. दाराशी पाण्याचा कलश होता. पान मांडायला वाकताना बाटलीत राखून ठेवलेला तांबडा भात तिनं मुठीतून त्यात चुरगाळला आणि हात आणलेल्या डेटॉलनं पुसला. बाबा कुंचा फिरवत ओळीनं निघाला. सगळ्या पानांवर पिसं फिरली. सोनूबाईच्या पानापाशी मात्र त्यानं कमरेच्या करंड्यात कुंच्याचा दांडा बुडवला आणि तोच भातात खुपसला. मंत्र असा दणक्यात चालला होता की निशाशिवाय हाताकडं कुणाचं लक्षच नव्हतं. मग कलश उचलून त्यानं सगळ्या ओळीवर पाणी शिंपडलं, देवीच्या नैवेद्यावरही, जो त्यानं स्वतः रांधला होता. कुलूप लागलं. किल्ली निशानं हट्टानं बाळासोकडं ठेवायला लावली.

दार उघडायच्या सकाळी आसपासच्या वाड्याही लोटल्या होत्या. सोनूबाईचं बोचकं कुणीतरी आधीच वेशीवर नेऊन ठेवलं होतं. बाळासोनं कुलूप काढलं, आत डोकावला आणि मागं कोलमडला.

सगळी पानं तांबडी होती. सरपंचाचं, पुजाऱ्याचं, बयाबाईचं. देवीपुढचा बाबाचा नैवेद्य तर सर्वांत लाल. पांढरा भात एकाच पानावर होता, सोनूबाईच्या.

बायका किंचाळल्या. शेजारी शेजाऱ्यापासून दूर सरकला. निशानं त्यांना भिऊ दिलं. आई ज्या भीतीत जगली तिचा घोटभर तरी यांच्या घशाखाली उतरू दे, असं तिला वाटत होतं आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

मग तिनं पिशवीतून कात्री काढली. "बयाक्का, तुमच्या बाबाच्या कायद्यानं अख्खं गाव चेटकीण निघालं. कुणाच्या केसापास्नं सुरू करू?"

बयाबाईचा हात आपोआप स्वतःच्या अंबाड्यावर गेला.

"हिनं केलीया करणी!" बाबा किंचाळला.

"व्हय, मीच केली!" निशा त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "आणि कशी केली ते सांगते. तू सांगशील तुझी? बाळासोदादा, त्याच्या कमरेचा करंडा उघडा."

बाळासोनं करंडा हिसकावला. आत जुना, गिळगिळीत, लालभडक भात होता.

"दह्याला विरजण लावता का न्हाय? कालचं चमचाभर, आज गाडगंभर. भातालाबी लागतंय. डोळ्याला न दिसणारा जीव असतोय, वलाव्यात वाढतोय आणि तांबडा रंग धरतोय. ह्यानं माझ्या आईच्या भाताला तेच विरजण लावलं. मी ते ह्याच्या कलशात टाकलं आणि ह्यानं सोताच्या हातानं तुमच्या सगळ्यांच्या भातावर शिंपडलं."

"मग सोनूबाईचा पांढरा कसा?" कुणीतरी विचारलं.

"त्यात लिंबू पिळलं होतं. लोणचं का टिकतंय? आंबटात हा जंतू वाढत न्हाय. लिंबाचा एवढाच गुण, बाकी दिष्ट उतरायला फुकट घालवता!"

मग गाव बाबावर तुटून पडलं. कुणी जटा धरल्या, कुणी निशाच्या हातातली कात्री ओढून घेतली. निशा बघत राहिली. थांबवायला हवं हे तिला कळत होतं, आणि तिचा पाय उचलत नव्हता.

"सोडा त्येला!" सोनूबाई पुढं आली होती. "माझी कापली तवाबी ह्योच आरडा होता. ह्येचं केस घिऊन मी काय करू? न्या मुरगूडला, ठाण्यात. जीप हायच की, आणलंसा त्याच जीपनं."

बाबा जीपमध्ये बसला. बाळासो त्याच्या शेजारी, मान खाली घालून.

निशाचा राग अजून निवला नव्हता. "अजून एक ऐका," ती म्हणाली. "ज्याचा रंग दिसला त्याला तुम्ही भ्यालासा. ज्यानं पोरं आडवी केली त्याला रंगच न्हाय. तो तुमच्या विहिरीत हाय. वरच्या अंगाच्या उकिरड्याचं आणि परसाकडंचं पाणी पावसात तिथं उतरतंय. पाणी उकळा, हात धुवा, विहिरीत औषध टाका. आणि उद्या कुणी चमत्कार दावला तर पाया पडायच्या आधी एवढंच विचारा, हे झालं कसं? हे विचारलं असतासा तर माझ्या आईची येणी राहिली असती."

बयाबाई पुढं येऊन पाया पडायला वाकली. सोनूबाईनं पाय मागं घेतला.

"पाया पडू नगंस. नातू बरा हाय न्हवं? मग बादली आण."

त्या दुपारी तळेवाडीनं विहीर उपसली आणि वरचा उकिरडा हलवला. ज्या ज्या बायांनी सोनूबाईला धरून बसवलं होतं, त्या सगळ्या ओळीत उभ्या राहून गढूळ पाणी ओढत होत्या, बयाबाई सर्वांत पुढं. ब्लीचिंग पावडरचं पोतं शेजारी घेऊन सोनूबाई काठावर बसली होती. कातरलेल्या डोक्यावर तिनं पदर घेतला नव्हता. वर बघेल त्या प्रत्येकीला ते डोकं दिसत होतं, आणि विहिरीचा तळ लागेपर्यंत ती तिथून उठली नाही.