दगडाबाईची तपकिरी बरणी

मी एक जुनी तपकिरी बरणी आहे. मित्रांनो, काल मला वाचा असती तर किती बरं झालं असतं.

माझा जन्म भट्टीत झाला. भट्टी लालबुंद झाली की कारागीर तिच्यात मुठीमुठीनं मीठ फेकत. त्या मिठाची वाफ आमच्या अंगावर बसली आणि आम्हाला ही चकाकी आली. दगडाबाईच्या आईनं मला बाजारातून घेतलं आणि पुढे लेकीच्या लग्नात तिच्यासोबत बोरीला पाठवलं.

तिथे माझे दिवस सुखात गेले. दर उन्हाळ्यात दगडाबाई मला उन्हात वाळवायची, निखाऱ्यावर हिंग टाकून आतून धुरी द्यायची, मगच कैरीचं लोणचं भरायची. भरण्याआधी माझ्या पोटावर हळदीची पाच बोटं उमटवायची. ही तिच्या आईची रीत. त्या बोटांचा पिवळा डाग माझ्या अंगावर कायमचा बसला होता. शेजारणी म्हणायच्या, "दगडाबाईच्या बरणीतलं लोणचं बिघडत न्हाई." खोटं कशाला सांगू, मी मनातून फुगायचे.

मग दगडाबाई नातीच्या बाळंतपणासाठी पालमला गेली, आणि नेमके तेव्हाच गंगाखेडचे किशनराव दारात आले. त्यांना जुन्या बरण्या जमवायचा भारी नाद. सून राजेश्रीनं मला देऊन त्यांच्याकडून प्लास्टिकचे रंगीत डबे घेतले. मला उचलताना सासूची कंबर धरायची, म्हणून तिला वाटलं, सासूबाई खूश होतील.

किशनराव वाईट नाहीत हो. त्यांचा आमच्यावर जीव आहे आणि त्यापायीच माझा घात झाला. त्यांनी मला सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवलं, काथ्यानं घासघासून डाग काढला, आतला वास घालवला आणि कपाटात माझ्यासारख्याच बरण्यांच्या रांगेत मांडलं. आता कोणती बरणी कोणाची, हे त्यांनाही सांगता येत नाही.

पालमहून परतल्यावर दगडाबाईला सुनेकडून सगळं कळलं, आणि काल ती इथे गंगाखेडला आली. रिकामं भांडं घरात न्यायचं नसतं, म्हणून तिनं पदराच्या टोकाला चिमूटभर मीठ बांधून आणलं होतं.

"सायब, आईचं म्हणून माह्याकडं तेवढंच व्हतं," ती म्हणाली. "तेवढं परत द्या."

किशनराव विरघळले. "मावशी, तुमची कोणती ती ओळखा आन् घेऊन जा. मला काय बी नको."

तिनं एकेका बरणीचं पोट चाचपलं. माझ्यापाशी आली, झाकण काढलं आणि नाक आत घातलं. मी सगळा जीव एकवटला. देवा, कुठे हिंगाचा कण उरला असेल तर आत्ता वास येऊ दे.

"हिच्यात तर कायीच न्हाई," ती म्हणाली आणि पुढे सरकली.

खिडकीजवळच्या बरणीच्या पोटावर पिवळसर झाक होती. ती भट्टीतली होती, हळदीची नव्हती. दगडाबाईनं तिच्यावर हात ठेवला. "हीच," म्हणाली आणि रडायला लागली. मग पदराची गाठ सोडून तिनं ते मीठ त्या बरणीत टाकलं. बाई, मी इथे आहे, तुझ्या पाठीमागे, असं मी आतल्या आत ओरडत होते. ती दुसऱ्या बरणीला छातीशी धरून निघून गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जमवा. पण ज्यांची वस्तू आहे त्यांना आधी विचारा, आणि तिच्या अंगावरच्या त्यांच्या खुणा पुसू नका. पाया पडून सांगते. येत्या उन्हाळ्यात दगडाबाई त्या परक्या बरणीवर हळदीची पाच बोटं उमटवेल. मी इथे कपाटात स्वच्छ, रिकामी उभी असेन.