अडतीस नंबरची पाटी

पाना नटवर बसवून तानेके पाच मिनिटं तशीच उभी होती. नट गंजलाय, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो नट तिनेच मार्चमध्ये तेल घालून सैल केला होता. नुसत्या बोटांनी फिरवला असता तरी निघाला असता. समोरच्या खांबावर अडतीसचा आकडा होता आणि त्याखाली एकोणचाळीसकडे जायचा बाण.

"उद्या बघू," ती शेजारच्या मेंढीला म्हणाली, कारण समुद्राच्या बांधावर ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. मेंढीने चरणं थांबवलं नाही. तानेकेने पाना पिशवीत टाकला आणि सायकलवर टांग मारली.

चौतीस वर्षं तिने नेदरलँड्समधल्या झेलंडच्या या कोपऱ्यात सायकलवरून टपाल वाटलं होतं. निवृत्त झाल्यावर रिकामं बसवेना, म्हणून सायकलवाटांच्या मंडळात नाव घातलं आणि मंडळाने तिच्या गळ्यात एकोणीस खांब बांधले. इथे सायकलवाले गावांची नावं विचारत नाहीत. निघताना चार-पाच आकडे कागदावर लिहून घेतात आणि एका आकड्यावरून दुसऱ्यावर जातात. त्या पाट्या पुसायच्या, वाऱ्याने फिरल्या तर सरळ करायच्या, गवत कापायचं, हे तानेकेचं काम. बारा वर्षांत तिची एकही पाटी चुकलेली नव्हती आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. शेजारच्या गावच्या इझाककडे एकोणचाळीसपासून पुढचे खांब होते. त्याच्या पाटीवर पक्ष्याची शिट दिसली, तर ती त्याला चर्चमध्ये प्रवचन चालू असताना चिठ्ठी पाठवायची.

आणि आता मंडळाचं पत्र आलं होतं. मोठ्या रस्त्याकडेचा नवा रुंद मार्ग तयार झालाय, तेव्हा बांधावरची जुनी वाट बंद. अडतीस आणि एकोणचाळीस या पाट्या सोमवारी संध्याकाळपर्यंत काढाव्यात.

मंडळाचं बरोबर होतं. वाट बंद म्हणजे लोकांना तिकडे पाठवायचं नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण मारिनसचं काय?

मारिनस तिचा नवरा. चाळीस वर्षं समुद्राच्या बांधावर दगड बसवण्याचं काम केलेला, आडव्या हाडाचा, शांत माणूस. दोन वर्षांपासून त्याचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, जावयाला तो कधी डॉक्टर समजे, कधी नळवाला. पण सायकलवर बसला की पाय आपोआप चालत. रोज नऊ वाजता तो एकटा निघे. घराजवळच्या चौतीसवरून अडतीस, तिथून एकोणचाळीस, मग परत चौतीस, चौदा किलोमीटर. तानेकेने त्याच्या हँडलवर पांढरी पट्टी चिकटवून ते आकडे ठसठशीत लिहून दिले होते. अकराच्या आत तो परत येई, गाल लाल, डोळे निवळलेले, आणि त्यानंतरचे दोन तास तो जवळजवळ पूर्वीचा मारिनस असे. त्या दोन तासांसाठीच तानेके उरलेले बावीस काढत होती.

"आई, एक दिवस ते कालव्यात जातील," लेक लेना फोनवर म्हणायची. तिने एक भलंमोठं कुलूपही आणून ठेवलं होतं. "सायकल बांधून ठेव."

"सायकल बांधली की माणूस बांधला."

"आणि हरवले तर?"

"अकराच्या आत येतात ना? ज्या दिवशी येणार नाहीत, त्या दिवशी लावीन कुलूप. शब्द देते तुला."

शब्द देऊन बसली होती, आणि आता पाटी काढायची होती. पाटी नाही तर मारिनस अडतीसवर गोंधळणार, गोंधळला की अकरा टळणार. बरोबर जाते म्हटलं तर तो चिडायचा, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारही गेला. पाटी जिथल्या तिथे होती. इझाकची तिला काळजी नव्हती. इझाकला बूट घालायलाच आठवडा लागतो. तो कसली पाटी काढतोय.

गुरुवारी पावणेअकराला मारिनस घरी आला. त्याला खुर्चीत बसवून, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून, तानेके बादली-ब्रश घेऊन बाहेर पडली. अडतीसच्या पुढे, एकोणचाळीसच्या तिठ्यावर तिला पिवळे सदरे दिसले. बेल्जियमचे चौदा म्हातारे, महागड्या सायकली धरून, खांबाभोवती गोल उभे होते. खांबावर पाटी नव्हती. इझाकने उभ्या जन्मात पहिल्यांदा काम वेळेवर केलं होतं.

"काय झालं?" तानेकेने विचारलं.

"पुढचा आकडाच नाही, बाई," त्यांचा म्होरक्या म्हणाला.

"जायचंय कुठे?"

त्याने सपाट शेतांपलीकडे दिसणाऱ्या चर्चच्या टोकाकडे बोट केलं. "तिथे. बारा वाजता शिंपल्यांचं जेवण सांगून ठेवलंय."

"मग जा की. दिसतंय ना?"

"दिसतंय हो. पण आकडा नाही."

"म्हणजे आकडा नाही म्हणून तुम्ही उपाशी मरणार?"

"वीस मिनिटं झाली," मागून एक जण कळवळून म्हणाला. "हे म्हणतात परत अडतीसवर जाऊ."

"मागे अडतीसची पाटी आहे ना, तीच चुकीची," म्होरक्या म्हणाला. "काढायची राहिलीय. कोण गाढव असेल तो."

"मी," तानेके म्हणाली.

तानेके कानापर्यंत लाल झाली. बारा वर्षांची अब्रू चौदा परक्यांसमोर गेली होती. "चला माझ्या मागून," ती म्हणाली आणि त्यांना थेट शिंपल्यांच्या दारात नेऊन सोडलं. त्यांनी तिला आग्रहाने बसवलं, वाडगाभर शिंपले खायला लावले, आणि निघताना म्होरक्याने आपली पिवळी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली.

परतताना मोकळ्या खांबापाशी ती थबकली. इझाकने पाटी सोमवारी काढली असणार. मग मंगळवारी, बुधवारी, आज, मारिनस इथून घरी आला कसा? या तिठ्यावर चौदा शहाणी माणसं वीस मिनिटं अडकली होती. तिच्या काळजात धडधडायला लागलं, आणि ती धडधड भीतीची आहे की आनंदाची, ते तिला कळेना. त्याच पावली तिने अडतीसची पाटी काढून पिशवीत घातली.

शुक्रवारी नऊला मारिनस निघाला आणि थोडं अंतर ठेवून त्याच्या मागे, पिवळी टोपी घालून, तानेके. पुढे भुंडा अडतीस आला. मारिनसने त्या खांबाकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. बांधावरून तो संथ, एका लयीत चालला होता, डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला बटाट्याची शेतं. तिठ्यावर मात्र तो उतरला. त्याने टोपी काढली, टक्कल वाऱ्याला दिलं, डोळे मिटून जरासा उभा राहिला आणि सायकल उजवीकडे वळवली. घराकडे.

तानेकेला राहवलं नाही. ती जोरात पायडल मारत त्याला गाठायला गेली. जवळ पोचल्यावर तिला हँडलवरची पट्टी दिसली. पट्टी कोरी होती. उन्हापावसाने शाई कधीच धुवून गेली होती.

धापा टाकणाऱ्या बाईकडे मारिनसने पाहिलं. पिवळ्या टोपीकडे पाहिलं. त्याचा चेहरा अगत्याने भरून आला.

"वाट चुकलात का तुम्ही?" त्याने विचारलं.

सत्तेचाळीस वर्षांत त्याने तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तानेकेने टोपी कपाळावर ओढली. मग ती म्हणाली, "हो. इथे आकडा होता ना?"

"आकडे पाहुण्यांसाठी असतात. मी या बांधावर दगड बसवलेत, मला कशाला आकडा? ऐका. वारा डाव्या कानात भरला की आपण बांधावर. पाठीला लागला की वळलो. उजव्या कानात आला की घर."

"आणि वारा पडला तर?"

"झेलंडमध्ये?" मारिनस हसायला लागला, इतका की त्याला सायकल टेकवावी लागली. तानेकेही हसली. किती दिवसांनी दोघं एकाच गोष्टीला हसत होते. "चला, मी सोडतो तुम्हाला. या बाजूने या."

पुढच्या वळणावर वारा उजव्या कानात आला, तेव्हा त्याने तिला डावीकडे घेतलं आणि स्वतः समुद्राच्या अंगाला झाला. लग्नाआधी, रविवारी फिरायला जाताना, तो असाच वाऱ्याच्या बाजूने चालवायचा. तिला वारा लागत नव्हता आणि डोळ्यांतलं पाणी मात्र थांबत नव्हतं. सुखाचंच होतं ते बरंचसं.

दारात पोचल्यावर तो म्हणाला, "कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाही. आमची तानेके पाट्या पुसायला गेलीय, येईलच. फार कडक बाई. पण तिच्या हातचे बोलस, दालचिनीचे गोड पाव, खाऊन बघा."

घड्याळात पावणेअकरा झाले होते. तानेके आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली. मारिनसने तीन कप मांडले, तिन्हींत कॉफी ओतली आणि तिसऱ्या कपावर बशी झाकली. "तिला गरम लागते," तो म्हणाला. मग आपली कॉफी संपवून तो सायकली आत घ्यायला गेला.

तानेकेने आपला कप धुवून जागच्या जागी ठेवला. पिवळी टोपी पिशवीत, अडतीसच्या पाटीवर घातली. मग आपल्या रोजच्या खुर्चीत बसून तिने बशी उचलली. कॉफी अजून गरम होती.

मारिनस हात पुसत आत आला.

"आलीस? आत्ता एक बाई आल्या होत्या. वाट चुकलेल्या."

"असं? मग गेल्या कुठे?"

"कोण जाणे." त्याने खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर काळजीची आठी होती. "नीट पोचल्या असतील ना गं घरी?"

"पोचल्या," तानेके म्हणाली. "तू वाऱ्याच्या बाजूने होतास ना."