रविवारच्या सह्या

पद्मजाने मस्टर स्वतःकडे फिरवून घेतलं आणि रविवारच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ही सही माझी नाही."

आस्थापनेचे दिगंबरराव खुर्चीतूनच वाकले. "मग कुणाची?"

तिने पुन्हा पाहिलं. 'प'च्या पोटातून निघून शेवटच्या कान्या­पर्यंत जाणारी रेघ तिचीच होती. मागच्या रविवारी होती, त्याआधीच्या रविवारी होती, जूनपासूनच्या प्रत्येक रविवारी होती.

"रविवारी ऑफिस बंद असतं."

"असतं. आपण येता."

मंडईमागच्या या वजनकाट्यांच्या कंपनीत तिला पाच महिने झाले होते. प्रोबेशन दीडशे हजेऱ्यांचं. त्याच्या आत राजीनामा दिला तर सात दिवसांची नोटीस पुरे. कायम झालं की तीन महिने, नाहीतर तेवढा पगार भरायचा. पद्मजाने मोजूनच मागच्या शनिवारी राजीनामा दिला होता. तेव्हा एकशे तीस हजेऱ्या झाल्या होत्या. परवा, सोमवारी, विश्रांतवाडीच्या शाळेत रुजू व्हायचं होतं. ती गेली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या बाईंना मिळणार होती. दिगंबररावांनी मात्र राजीनाम्याआधीचे एकवीस रविवारही धरले होते.

"एकशे एक्कावन्न. म्हणजे आपण कायम झालात."

"मी रविवारी घरी झोपलेली असते. आईला विचारा."

"किती वेळ?"

पद्मजाने मस्टरवरचं बोट काढून घेतलं. जेवायलाही उठत नाहीस, गदागदा हलवलं तरी कळत नाही, असं आई परवाच म्हणाली होती.

दिगंबररावांनी पान उलटलं. "या श्यामलाबाई. चार वर्षांपूर्वी लग्न करून नगरला गेल्या. सुखात आहेत. फक्त रविवारी फार गळून जायला होतं, असं लिहितात."

त्यांच्या बोटाखाली, मागच्याच रविवारची, श्यामलाबाईंची गोल सही होती.

"हे काय आहे, दिगंबरराव?"

"इथून निघताना आपण काय म्हणता?"

"येते म्हणते. सगळेच म्हणतात."

"हं. सगळेच येतात."

खाली मंडईत कोथिंबिरीचा भाव कुणीतरी ओरडून सांगत होतं. पद्मजाने तो दोनदा ऐकला.

"मग आज 'निघते' म्हणेन."

"जयसिंग तेच म्हणाले होते. सहा वर्षं झाली, निघतायत अजून."

त्यांनी ड्रॉवरमधून कार्यमुक्तीचं पत्र काढून टेबलावर ठेवलं. टाइप केलेलं, साहेबांची सही असलेलं. फक्त तारीख कोरी होती.

"नेमका शब्द आपल्याला ठाऊक आहे. तो म्हणालात की मी रविवार खोडतो. राहिल्या एकशे तीस. नियमात बसतं."

तिला ठाऊक होता. लहानपणी शाळेला निघताना एकदा तो तिच्या तोंडून गेला होता. आईने तिला जिन्यावरून परत आत बोलावलं, हातावर साखर ठेवली, आणि नीट म्हणायला लावून मगच सोडलं.

पद्मजाने पर्स खांद्याला अडकवली. दाराची चौकट धरली. ओठ दोनदा उघडून मिटले.

"जाते."

मागच्या रिकाम्या टेबलांपैकी एकाची खुर्ची, कुणी उठावं तशी, फरशीवर सरकली. दिगंबररावांनी तिकडे पाहिलं नाही. लाल शाईच्या पेनाने ते एकेक सही खोडत गेले. शेवटची खोडली तेव्हा पद्मजाला भर दुपारी, पुरेशी झोप झाल्यासारखं, लख्ख जागं वाटलं.

त्यांनी पत्रावर तारीख घातली आणि उठून ते तिच्या हातात दिलं. पाच महिन्यांत तिने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"माझ्या नोकरीत हे पहिल्यांदाच जमलं कुणाला. छान झालं. आईंना नमस्कार सांगा."

"सांगते."

ती जिना उतरू लागली. पाहुण्याला पोचवायला यावं तसे दिगंबरराव दारापर्यंत आले, कठड्यावर हात ठेवून वाकले.

"बरं, या हं!"

पद्मजा तिसऱ्या पायरीवर थांबली आणि तिने वर पाहिलं. दिगंबरराव अजून हसतच होते. मग ते हसू हळूहळू ओसरलं, आणि त्यांनी मान वळवून टेबलावरच्या उघड्या मस्टरकडे पाहिलं.