दुसऱ्या फळीवरची तिसरी बाटली

“परत कुणीतरी हात लावलाय!” कपाट चाचपत बाटलीकाका पुटपुटले. दुसऱ्या फळीवरची तिसरी बाटली बोटभर पुढे आली होती.

शाळेच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं मदतनीस होते. पोरांनी ठेवलेलं ‘बाटलीकाका’ हे नाव त्यांना मनातून आवडायचं. कुठली बाटली कुठे, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं, आणि हल्ली तसंच सांगावं लागत होतं. नजर पार अंधुक झाली होती. डॉक्टरांनीही हात टेकले होते. हे फक्त बायकोला ठाऊक होतं, शाळेत कुणालाच नाही. निवृत्तीला आठ महिने राहिले होते, तेवढे कसेबसे ढकलायचे होते.

आणि त्यात ही नववीतली चष्मेवाली! प्रयोगाचा तास संपला की बाकीची पोरं धूम ठोकायची. ही मात्र वही विसरल्याचं निमित्त करून मागे घुटमळायची, काका मोरीवर परीक्षानळ्या धूत असताना कपाटापाशी काहीतरी करायची. चार दिवस झाले. काय हवंय हिला? आम्ल पळवून कुणावर सूड उगवायचाय? की मुख्याध्यापिका बाईंनीच पाळतीवर ठेवलंय? ही दुसरी शंका काही काकांची पाठ सोडेना.

आज त्यांनी कपाटाला मुद्दाम कुलूप लावलं नाही. “जरा चहा घेऊन येतो,” असं मोठ्याने म्हणाले आणि दाराआड दबा धरून उभे राहिले. कपाटाचं दार करकरलं तसे ते आत घुसले.

“सापडलीस! काय चोरतेस गं?”

पोर दचकली, पण पळाली नाही. तिच्या हातात डिंक होता आणि कागदाच्या पट्ट्या.

“चोरत नाही, काका. नावं चिकटवतेय. मोठ्या अक्षरात.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणीच नाही. मंगळवारी तुम्ही आमच्या टेबलावर सौम्य आम्लाऐवजी तीव्र ठेवलं होतंत.”

“काहीतरीच! दुसरी फळी, तिसरी बाटली. ती सौम्यच!”

“कपाट पुसताना अदलाबदल झाली असेल. मी चिठ्ठी वाचली आणि गुपचूप बदलली.”

काका स्टुलावर बसले. “बाईंना सांगितलंस?”

“नाही. सांगितलं तर तुम्हाला काढतील. नाही सांगितलं तर कुणाचा तरी हात भाजेल. डोकं नुसतं भणभणलं माझं. मग म्हटलं, आधी हे करून बघू. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…” तिने हातातल्या पट्ट्यांकडे पाहिलं. “आणि एवढ्याने भागेल का, तेही मला कळत नाहीये.”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गोष्टीने ही चौदा वर्षांची पोर तळमळत होती, तिच्यावर ते सहा महिने बिनदिक्कत पांघरूण घालत आले होते. त्यांनी तिसरी बाटली उचलून डोळ्यांशी धरली. पट्टीवर काळं काहीतरी होतं. मोठंच होतं.

“काय लिहिलंयस?”

तिने वाचून दाखवलं नाही. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

काकांनी बाटली जागेवर ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि सवयीने दोनदा ओढून पाहिलं. मग बाईंच्या खोलीत जाऊन किल्ली पुढे केली.

“बाई, ही ठेवा तुमच्याकडे. मला दिसत नाही.”

बाईंनी किल्ली घेतली. काकांचा हात कितीतरी वेळ तसाच पुढे होता.