सगळ्या पडद्यांवरचा नंबर

पडदे शिवणाऱ्या बाईचा निम्मा दिवस शिडीवर जातो, हे कुणाला सांगून पटत नाही. माप घ्यायला शिडी, दांडी ठोकायला शिडी, शेवटी पडदा अडकवायला पुन्हा शिडीच. आणि ती वरच्या पायरीवर पोचली, ओठांत टाचण्या धरल्या, की हटकून फोन वाजायचा. आमचे पडदे कधी मिळणार, मापाला कधी येता, असलं काहीतरी. टाचण्या सांभाळत ती जे उत्तर द्यायची, ते गिऱ्हाइकाला धड कळायचं नाही आणि तिला नंतर आठवायचं नाही. एकदा तर गावाच्या दोन टोकांच्या दोन घरी तिनं एकाच वेळेला यायचं कबूल करून टाकलं होतं.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्याबरोबरच्या कुणीतरी घरबसल्या स्वतःचं ॲप बनवलं होतं. प्रोग्रॅमिंग शिकायला नको, तयार तुकडे उचलून हवे तिथं मांडायचे, की तेच ॲप फोनवरही चालतं आणि कॉम्प्युटरवरही. आयुष्यभर पडदेच केलेस, आता फोनमधले पडदे करून बघ, असं नवरा म्हणाला. ती हसली खरी, पण त्याच रविवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली.

मांडणी तिला झटपट जमली. कापडांचे नमुने दाखवणारा एक पडदा, मापाची वेळ ठरवायचा दुसरा, काम कुठवर आलं ते सांगणारा तिसरा. मग ती सेटिंग्जच्या पानावर आली आणि तिथंच रमली. इथं जे ठरवाल ते सगळ्या ॲपला एकदम लागू व्हायचं. तिनं मुख्य रंग निळ्याचा गडद हिरवा केला, तर एका क्लिकसरशी सगळी बटणं आणि मथळे हिरवे झाले. कापडाचा अख्खा तागा एका दमात रंगवावा तसं. तिला इतकी मजा वाटली की तिनं उगाचच तो जांभळा, मग विटकरी करून पाहिला आणि पुन्हा हिरव्यावर आली. अक्षराचा आकार, ॲपची भाषा, तिच्या पडद्यांच्या दुकानाचं चिन्ह, सगळं मार्गी लागलं. नवऱ्याला रंग विचारला तर तो पिवळ्यावर अडून बसला. खिडकीशी बसलेल्या सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कुठलाही चालेल."

सासऱ्यांच्या पश्चात सासूबाई इकडे राहायला आल्या होत्या. त्रास कसला म्हणून नाही. जेवा म्हटलं की जेवायच्या, फिरायला चला म्हटलं की चप्पल घालायच्या, आणि बाकी सगळ्याला त्यांचं एकच उत्तर, कुठलाही चालेल, काहीही चालेल. हीच बाई नोकरीत असताना बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायची, आणि तिच्या आवाजावर लोक घड्याळ लावायचे, असं नवरा सांगायचा. सुनेला ते ऐकीवच वाटायचं.

सेटिंग्जच्या तळाशी एक चौकट राहिली होती: संपर्कासाठी नंबर. हा नंबर प्रत्येक पानाच्या खाली दिसणार होता, आणि तो भरल्याशिवाय ॲप पुढे सरकेना. स्वतःच्या फोनवर तर ॲपची चाचणी चाललेली, त्यावर मधेच फोन यायला नको होते. तिनं तात्पुरता म्हणून सासूबाईंचा नंबर टाकला, नंतर बदलू म्हणाली, आणि साफ विसरली.

ॲप सुरू झालं आणि तिच्या शिडीवर शांतता नांदू लागली. फोन वाजेचना. तरी कामं येत होती, आणि तीही कशी, एका गल्लीतली सगळी मापं एकाच सकाळी लागलेली. गिऱ्हाइकं आधीच खिडकीसमोरचं सामान हटवून ठेवायची. हे ॲप म्हणजे जादूच आहे, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली. दुकानातल्या कटिंग मास्तरांना तर तिनं ते इतक्यांदा ऐकवलं, की ते कात्री घेऊन मागच्या खोलीत जायला लागले.

घरीही हवा पालटली होती. सासूबाई जेवताना मधेच विचारायच्या, चुण्या जास्त घातल्या तर कापड किती वाढतं गं? पूर्वेच्या खिडकीला अस्तर लागतंच का? त्यांना भूकही चांगली लागायला लागली होती. सुनेला वाटलं, चला, जीव रमतोय.

मग एक दिवस दाताचे डॉक्टर दुकानात आले. दवाखान्यासाठी त्यांनी पिवळं कापड निवडलं होतं, ते बदलून आता पांढरट निळं हवं होतं. "तुमच्या फोनवरच्या बाईंनी समजावलं मला," ते म्हणाले. "पिवळ्या पडद्याच्या उजेडात पेशंटचे दातही पिवळे दिसतील म्हणाल्या. मी इतकी वर्षं दात बघतोय, मला नाही सुचलं."

"कुठल्या बाई?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी ॲप उघडून खालचा नंबर दाखवला. तो सासूबाईंचा होता. इतके दिवस सगळं गाव सासूबाईंच्या कानाशी घंटा वाजवत होतं, आणि त्या बिचाऱ्या सोसत होत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांची पाठ वळते न वळते तोच तिनं सेटिंग्ज उघडून स्वतःचा नंबर टाकला. आता ही गोष्ट काढायची कशी, हे न कळून घरी मात्र तिनं अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिडीवरचं जुनं राज्य परत आलं. फोनवर फोन, टाचण्या तोंडात, आणि एका बाईला दिलेली वेळ दुसरीला. तिच्या नाकी नऊ आले. तिकडे सासूबाई फोन मांडीवर घेऊन खिडकीशी बसायला लागल्या. मधूनच तो उलटासुलटा करून बघायच्या. एका सकाळी चहाच्या वेळी त्या मुलाला म्हणाल्या, "या फोनला काय झालंय बघ रे. वाजतच नाही." मुलानं आपल्या फोनवरून लावून पाहिला. तो चांगला खणखणीत वाजला. सासूबाईंचा चेहरा पडला.

तो चेहरा सुनेनं पाहिला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवरा कामावर गेल्यावर ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"आई, तो नंबर ॲपमध्ये माझ्या चुकीनं पडला होता. मला डॉक्टरांकडून कळलं म्हणून बदलला. तुम्ही मला सांगितलं का नाही, एवढे फोन येताहेत म्हणून?"

सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलं तूच दिलास. घरातल्या माणसाला काम देताना कुणी सांगून-सवरून देतं का? वाजला, मी उचलला, ॲपमध्ये कुठली वेळ धरायची ते लोकांना सांगितलं." त्यांनी मांडीवरचा फोन बाजूला ठेवला. "तो वाजायचा बंद झाला, तेव्हा वाटलं, डॉक्टरांना पिवळं नको म्हणाले ते तुला आवडलं नसणार. काढून टाकलंस मला."

सुनेनं त्यांचा हात धरला. मग ती उठली, लॅपटॉप आणून त्यांच्या पुढ्यात उघडला आणि म्हणाली, "काम तुमचंच आहे. नंबर तुम्हीच घाला."

सासूबाईंनी चष्मा लावला आणि एकेक आकडा टिपून नंबर घातला. तेवढ्यावर काम संपेल असं सुनेला वाटलं होतं. पण त्या पानावरून खाली-वर फिरू लागल्या. अक्षर बारीक आहे, मोठं कर. फोनची वेळ लिहायची सोय आहे ना, मग दुपारी जेवणानंतर नको, मी आडवी होते. आणि ॲप उघडल्यावर हे नुसतं "स्वागत" काय लिहिलंय? त्यांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि खोलीभर घुमेल अशा आवाजात स्वागताचं अख्खं वाक्य म्हणून दाखवलं. बाहेर जिन्यात कुणीतरी थबकलं. नवरा सांगायचा ते ऐकीव नव्हतं, हे सुनेला तेव्हा कळलं. तिनं ते वाक्य मुकाट्यानं जसंच्या तसं टाइप केलं.

रंगाचं काय करू, असं तिनं सहज विचारलं. "तो विटकरी बरा होता," सासूबाई म्हणाल्या. "हिरवा फार गंभीर दिसतो."

विटकरी रंग सगळीकडे पसरतोय तोवर फोन वाजला. सासूबाईंनी दोनदा वाजू दिला, मग उचलला. तिकडे नवीन बाळाचे वडील होते. बाळ दुपारी झोपत नव्हतं, खोलीत फार उजेड येत होता. सासूबाईंनी आधी बाळाची चौकशी केली, मग खिडकीची, मग पुन्हा बाळाची. मधेच फोनवर हात ठेवून त्या सुनेकडे वळल्या.

"उद्या सकाळी मोकळी आहेस का? त्या बाजूला शाळेचं माप आहेच तुझं. तिथून यांच्याकडे जा. पण हे कापड गडद हवं, नमुने विसरू नकोस."

"नाही विसरणार," दुकानाची मालकीण म्हणाली आणि शिडी उचलून कामाला निघाली.