आबांच्या पाठीवरचा मनोरा

जरा पाऊल उचला. अनवाणी पायाखाली आलो की माणसं ज्याच्या नावाने बोटं मोडतात, तोच मी बोलतोय. लाल लाकडी ठोकळा. फार लागलं का? मला नाही लागलं.

माझा जन्म सुताराच्या दुकानातला. दाराच्या चौकटी करून उरलेल्या लाकडाचे त्याने तुकडे पाडले, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि आम्हा भावंडांना रंग दिला. चौकटीला जन्मभर एका जागी उभं राहावं लागतं. माझ्या नशिबात पडणं आलं, आणि खरं सांगू का, पडण्यासारखी मजा नाही.

तिथून आम्ही गेलो लहान मुलांच्या तपासणी केंद्रात. तिथल्या ताईंच्या कापडी पिशवीत आम्ही ठोकळे, एक घंटी, एक चेंडू आणि एक चित्रांची मार्गदर्शिका असे सगळे दाटीवाटीने राहायचो. कोणत्या वयाचं मूल साधारण काय करू लागतं आणि घरच्यांनी त्याला कशी मदत करावी, ते त्या पुस्तिकेत लिहिलेलं. ताई सतरंजीवर मांडी घालून बसायच्या, मुलापुढे आम्हाला ओतायच्या आणि गप्प बसून बघायच्या.

गप्प बसणं पालकांना जमायचं नाही. मुलाने मनोरा रचायला घेतला की आईचा श्वास अडकायचा, बाप खोकून खुणा करायचा. नेमकं तेव्हाच मूल मला तोंडात घालायचं. मग ठरलेलं वाक्य यायचं, "काल घरी अगदी नीट केलं होतं हो!" मनोरे पडण्यात अधूनमधून माझाही हात असायचा. हात नसले म्हणून काय झालं? किंचित कललं तरी भागतं.

एकदा तिथे भिंगरी आली. वय अडीच वर्षं. घरभर गरागरा फिरते म्हणून हे नाव. तिला घेऊन आले होते तिचे आबा, म्हणजे आईचे वडील. उभा जन्म कारखान्यात फोरमन म्हणून गेलेला. भिंगरीचे बाबा दूरगावी कामाला आणि आई दिवसभर औषधाच्या दुकानात, त्यामुळे नात आबांच्या ताब्यात. काळजी एकच होती. ती बोलत नव्हती. 'आई', 'आबा', 'नको' आणि आणखी दोन-चार शब्द, संपला कारभार.

ताईंनी आम्हाला तिच्यापुढे ओतलं. तिने मनोरा काही रचला नाही. मला उचललं, टेबलाखाली जाऊन बसली आणि हळूच फ्रॉकच्या खिशात टाकलं. ओरडणं हे माझं कर्तव्य होतं. मी गप्प राहिलो. रोज पिशवीत बसून कंटाळा येतो हो!

ताईंनी आबांना सांगितलं, घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. तिचे कान तपासून घेऊ. कान तपासणाऱ्या डॉक्टरांकडची वेळ मिळेपर्यंत ही मार्गदर्शिका घरी न्या, तिच्या वयाची पानं वाचा आणि तिच्याशी खेळा. आबांनी पुस्तिका दोन्ही हातांनी घेतली, नव्या यंत्राची माहितीपुस्तिका घ्यावी तशी. आम्ही दोघं एकाच घरी निघालो, ती राजरोस आणि मी चोरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातच कारखाना सुरू झाला. आबांनी चष्मा पुसला, पान उघडलं आणि नातीला समोर बसवलं. "म्हण, चेंडू." भिंगरी बघत राहिली. "चेंडू. चें-डू." मग फूल, मग मांजर. नाश्त्यानंतर पुन्हा चेंडू. पुस्तिकेतली ठळक अक्षरांतली ओळ आबा मोठ्याने वाचायचे आणि खालचा बारीक मजकूर सोडून द्यायचे. कामगारांनी हेच केलं असतं, तर आबांनी त्यांना फैलावर घेतलं असतं.

थोड्याच दिवसांत भिंगरी ते पुस्तक दिसलं की पलंगाखाली जाऊ लागली. आधी आबांच्या मांडीवर बसायची, ते बंद झालं. 'आबा' म्हणणंही बंद झालं. होते नव्हते ते शब्द आटून 'नको' तेवढा उरला, तो मात्र खणखणीत. मी खिशातून, उशीखालून, बुटातून असा सगळीकडून हे पाहत होतो, आणि माझ्यासारख्या टवाळालासुद्धा ते बरं वाटेना.

एका संध्याकाळी आईने हे पाहिलं आणि वडिलांपुढे तिचा बांध फुटला. "बाबा, पोर आहे ती, कारखान्यातलं लेथ मशीन नाही."

आबा चष्म्याची काडी उघडत मिटत राहिले. मग म्हणाले, "तू केव्हा बोलायला लागलीस, मला माहीत नाही. तुझी आई गेली, आता विचारायचं कुणाला? मी कायम पाळीवर असायचो. हिच्या वेळी तरी काही चुकू नये, एवढंच."

भिंगरीच्या आईने त्यांचा गार झालेला चहा उचलला आणि परत गरम करून आणला.

दुसऱ्या दिवशी पुस्तिका गायब. भिंगरीने ती कपाटाखाली सरकवली होती, आणि सोबतीला मलाही. आबा शोधत शोधत जमिनीवर पालथे झाले, हात आत घातला, पुस्तिका ओढली, मला ओढलं, आणि उठायला गेले तेव्हा कमरेत अशी कळ आली की जागच्या जागी खिळले. फोन टेबलावर, टेबल कोसभर लांब. मी नाकासमोर, पुस्तिका उघडी पडलेली, आणि फोरमनसाहेब पालथे.

पलंगाखालून एक डोकं बाहेर आलं. एवढं मोठं माणूस आपल्या उंचीवर आलेलं भिंगरीने कधी पाहिलं नव्हतं. ती आली, गाल जमिनीला टेकवून त्यांच्यासमोर आडवी झाली आणि डोळ्यांत डोळे घालून बघू लागली. आबांना 'चेंडू' म्हणायचाही त्राण नव्हता. ते नुसते बघत राहिले.

भिंगरीने मला उचललं आणि त्यांच्या पाठीवर ठेवलं. आबा मऊ आणि कोमट होते. पळत जाऊन तिने वाटी आणली, माझ्यावर ठेवली. मग डब्याचं झाकण, मग आबांची स्वतःची चप्पल. मनोरा वर चालला, मी सगळ्यात खाली. सवयीप्रमाणे कलावंसं फार वाटलं. देवाशपथ सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी जीव मुठीत धरून सरळ उभा राहिलो.

दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून आबांनी समोरचा बारीक मजकूर वाचला. आधी मूल काय करतंय ते पाहा, लिहिलं होतं. तेच तुम्हीही करा, त्याबद्दल साधं बोला, आणि मग वाट पाहा. आबांनी तो पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले, "वाटी ठेवलीस." थांबले. "आता चप्पल आली."

त्यांना हसू यायला लागलं. पाठ थरथरली, चप्पल डुगडुगली. भिंगरीने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"आबा, हलू नको."

आबांनी श्वाससुद्धा रोखून धरला. डोळ्यांतलं पाणी ओघळून जमिनीवर आलं, पण मनोरा हलू दिला नाही. आई कामावरून आली तेव्हा दारात थबकली. आबा जमिनीवरूनच कुजबुजले, "दार हळू लाव. आम्हाला हलायची परवानगी नाही."

पुढे कान तपासून झाले. एका कानात पाणी साठलं होतं, औषधाने बरं वाटलं. एका दिवसात पोपटासारखी बोलू लागली, असं काही घडलं नाही. पण शब्द येत राहिले. आबा कमरेला पट्टा बांधून रोज तिच्यासोबत जमिनीवर बसतात. पुस्तिका अजूनही वाचतात, आधी बारीक मजकूर.

मला आबांनी ओशाळून ताईंना परत केलं. ताईंनी तोवर माझ्या जागी हिरवा ठोकळा आणला होता. मग त्यांनी मला पुन्हा भिंगरीच्या खिशात टाकलं, या वेळी सगळ्यांदेखत.

रंग उडालाय माझा, एका कोपऱ्यावर दातांचे ठसे आहेत. तक्रार नाही. फक्त तुम्हा मोठ्यांना एक विनंती आहे. ते पुस्तक घेऊन खुर्चीवर काय बसलात? खाली या की. आणि येताना बघून या, मी इथेच कुठेतरी पडलेला असेन.